आधी लाकूड तपासा, मग निकाल द्या: बडोद्यातील इंजिनियर आणि आर्किटेक्ट मंडळींना खुले पत्र

बडोद्यातील सर्व स्ट्रक्चरल इंजिनियर आणि आर्किटेक्ट मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या शहरात महापालिकेच्या जर्जरित इमारतींच्या नोटिसा लागतात. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, मांडवीच्या आसपासच्या पोळा, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्या, सगळीकडे. घरमालक घाबरतात आणि तुमच्यापैकी कुणाला तरी बोलावतात. तुम्ही येता, चौकात उभं राहून वर पाहता, फोटो काढता, आणि काही दिवसांत अहवाल येतो. असे बरेच अहवाल माझ्या हातात येतात, कारण घरमालक ते घेऊन नंतर माझ्याकडे येतात. त्यात भिंतींच्या भेगा मोजलेल्या असतात, प्लास्टर कुठे सुटलंय ते लिहिलेलं असतं. लाकडाबद्दल मात्र एवढंच असतं की सांगाडा लाकडी आहे, जुना आहे, सबब उतरवावा. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी सुतारकामाचा ठेका घेतो. वडिलांचाही तोच व्यवसाय. आम्ही वाडे उतरवलेत आणि सावरलेतही, त्यामुळे या गावातलं लाकूड आतून कसं आहे ते पाहायला मिळालं. जो वाडा लाकूड कुजलंय म्हणून पाडला, त्याच्याच तुळया वखारीत करवतीखाली गेल्यावर आतून सोन्यासारखा पिवळा, तेलकट, घट्ट साग निघतो. तोच साग मग कुणाच्या तरी बंगल्याचा दरवाजा होतो. कोरीव खांब आणि हस्त, म्हणजे खांबाला लावलेले आधाराचे तुकडे, जुन्या वस्तूंचे व्यापारी घेऊन जातात. सांगाडा जर खरोखर संपला होता, तर त्याला एवढं गिऱ्हाईक कुठून येतं, याचा विचार आपण करावा असं मला कळकळीनं वाटतं.

घर बांधायला लाकूड व्यवहार्य आहे का, असं मला नवे-जुने सगळेच विचारतात. माझं उत्तर हो असं आहे. मात्र लाकूड कुठलं, घराच्या कुठल्या भागात आणि पाण्यापासून किती दूर, हे कळल्याशिवाय त्या होकाराला अर्थ नाही. तुमच्या अहवालांत नेमकं हेच नसतं.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच आहे. लाकूड वयानं कुजत नाही. त्याला कुजवणारी बुरशी जगायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, आणि ती जोमात वाढते ती ओल २५-३० टक्क्यांपर्यंत गेल्यावर. छपराखाली, वारा लागत असलेल्या जागी बडोद्याच्या हवेत लाकडाची ओल पावसाळ्यातही या मर्यादेच्या आत राहते. म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध असलेली तुळई शंभर वर्षांनीही ठणठणीत असते आणि तिचंच भिंतीत गेलेलं टोक भुसभुशीत झालेलं असतं. अख्खा वाडा क्वचितच कुजतो. कुजतात त्या ठरलेल्या जागा: खांबाचा पाय, तुळईचं भिंतीतलं टोक, पन्हाळीखालचे वासे, आणि न्हाणीखालचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत.

जुन्या मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं. खांब कधी जमिनीत पुरला नाही, तो तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा केला. जोतं दगडाचं, भिंतीचा खालचा भाग दगड-विटांचा, त्यावर लाकूड. छपराला पुढे मोठा सज्जा, म्हणजे पाऊस भिंतीवर आणि चौकटीवर येणार नाही. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा एकोणिसाव्या शतकातला चार मजली वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. लोक तिथे भिंतींवरची चित्रं पाहायला जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा कृपा करून खांब आणि वरचा कडीपाटही पाहा.

मग बिघडलं कुठे? आपल्या पिढ्यांनी त्या घरांना जे नंतर चिकटवलं, तिथे. वरच्या मजल्यावर न्हाणी आणि संडास आला. फरशीखाली ना नीट उतार, ना वॉटरप्रूफिंग, आणि पाईपचा सांधा बरोबर तुळईच्या डोक्यावर. रोज थोडं थोडं पाणी, वर्षानुवर्षं. चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचं प्लास्टर केलं, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडेना आणि तुळईचं टोक त्या ओलीत बुडून राहिलं. चौकात सिमेंट टाकून पातळी वर आणली, तळखडा त्यात गाडला गेला आणि खांबाचा पाय पावसाच्या पाण्यात आला. काही ठिकाणी तर खांब मजबूत करायचा म्हणून त्याच्या पायाभोवती काँक्रीटचा चौथरा ओतला. याहून वाईट उपाय मला माहीत नाही. लाकूड आकसतं, फट पडते, त्या फटीतून पाणी आत जातं आणि मग त्याला सुकायला वाटच नसते. पाच-सात पावसाळ्यांत खांबाचा पाय हातानं खरवडता येतो. अहवालात मात्र दोष लाकडाच्या नावे लागतो.

वाळवी, आपल्याकडे सगळे उधई म्हणतात ती, हीसुद्धा याच पाण्याची पाहुणी. जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर येते, आणि ओल मिळाली की वस्ती करते. जुन्या सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्यं असतात, म्हणून ती आधी बाहेरचा पांढरा भाग खाते, शेजारचे आंब्याचे किंवा हलक्या लाकडाचे तुकडे खाते. तिचा बंदोबस्त करायची रीत भारतीय मानकांत लिहिलेली आहे: आयएस ६३१३, त्याचा तिसरा भाग उभ्या असलेल्या इमारतींसाठीच आहे. वाळवी दिसली म्हणून घर पाडायचं असेल तर नव्या आरसीसी, म्हणजे सळईच्या काँक्रीटच्या, फ्लॅटांमधल्या निम्म्या चौकटी आणि कपाटं आधी पाडावी लागतील.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा आणखी एक गैरसमज पक्का झाला. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी पाहिलं की स्वयंपाकघरातली कपाटं फुगून फुटली, पलंगांच्या फळ्या उकलल्या. पाण्यात लाकूड टिकत नाही, असं जो तो म्हणू लागला. पण फुगलं ते काय होतं? एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि तंतू चिकटवून दाबलेल्या फळ्या. त्या पाण्यासाठी केलेल्याच नसतात. पुरात बुडालेला सागाचा उंबरठा आणि चौकट चिखल धुऊन, सावलीत हवा लागू देऊन सुकवली की बहुधा पुन्हा कामाला येते. तरीही माझं स्पष्ट मत आहे की बडोद्यात तळमजल्याचा भार लाकडावर देऊ नये. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडलेलं हे गाव आहे. खाली दगड, वीट, आरसीसी, काय हवं ते करा. लाकूड वर घ्या.

आता वजनाचं. हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता, पण घरमालकांनाही कळावा म्हणून मांडतो. पाच इंची आरसीसी स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जातं. सहा इंच उंच आणि चार इंच रुंद सागाचे सरे, म्हणजे आडवी लाकडं, दीड-दीड फुटावर टाकून त्यावर एक इंची फळ्या मारल्या तर तेवढ्याच जागेचं वजन ४० किलोंच्या आसपास भरतं. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाप्रमाणे येतो, आणि २०१६ च्या मानकानुसार आपलं गाव भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. मग जुन्या भिंतींवरचा हलका कडीपाट काढून तिथे स्लॅब ओतायचा सल्ला कशासाठी? माती-चुन्यातल्या भिंतीच्या डोक्यावर ते ओझं ठेवताना मला भीती वाटते, आणि हे काम आपल्या गावात सर्रास होतं. उलट, कडीपाटावरची फूटभर माती, त्यावर नंतर चढवलेली कोटा फरशी आणि कोपऱ्यातली हजार लिटरची, म्हणजे भरल्यावर एक टन वजनाची टाकी, एवढं उतरवलं तरी वाकलेली तुळई सुटकेचा श्वास घेते.

२६ जानेवारी २००१ चा भूकंप आपण अनुभवला. भूकंपाच्या केंद्रापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादेत तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. त्याच शहराच्या कोटातल्या पोळांमधली, विटांच्या भिंतीत लाकडाचे पट्टे आणि खांब गुंफलेली घरं मोठ्या संख्येनं उभी राहिली. लाकूड वाकतं, सांध्यात थोडं हलतं आणि धक्का जिरवतं. काश्मीरमधली धज्जी-देवारी आणि हिमाचलातली काठ-कुणी बांधणी याच गुणावर उभी आहे. पण इथे अर्धं सत्य सांगून चालणार नाही. त्याच भूकंपात कच्छमध्ये लाकडी छपराची हजारो घरं पडली, आणि १९९३ मध्ये किल्लारीला लाकडी धाब्याच्या घरांत हजारो माणसं गेली. तिथे मारलं ते मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या रुंद भिंतींनी आणि धाब्यावरच्या मातीच्या थरांनी. भिंत छपराशी बांधलेली नव्हती, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते. नुसतं लाकूड असून घर वाचत नाही. ते भिंतीशी आणि एकमेकांशी बांधलेलं लागतं. ही बांधणी पाहणं आणि नसेल तर लोखंडी पट्ट्यांनी, बोल्टांनी करून देणं, हे तुमचं काम आहे. आमचा सुतार ते तुमच्या आकृतीशिवाय करू शकत नाही.

आग हा लाकडाविरुद्धचा सर्वात खरा मुद्दा आहे आणि मी तो झटकणार नाही. इंदूरचा राजवाडा आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि १९८४ च्या दंगलीत तो जळाला. त्याआधीही तो आगीत सापडला होता. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. पण आगीत जाड लाकूड आणि पातळ लाकूड सारखं वागत नाही. घट्ट, जड लाकडाची तुळई मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीनं कोळसा होत जाते, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. आठ इंची तुळई अर्धा तास जळाली तरी तिचा मोठा गाभा भार उचलत राहतो. उघडं लोखंड ५५०-६०० अंश सेल्सियसला आपली निम्मी ताकद गमावतं आणि अचानक लोळतं. पोळेतल्या घरात आग पसरते ती तक्तपोशीच्या, म्हणजे छताला मारलेल्या, पातळ फळ्यांतून, माळ्यावरच्या अडगळीतून, आणि सुरू होते बहुतेक वेळा कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरींतून. बंब आत येऊ शकत नाही इतक्या त्या गल्ल्या अरुंद आहेत. म्हणून माझा आग्रह असा की लाकडी घराच्या अहवालात वायरिंग हा पहिला विषय असावा. सगळी वायर पाईपमधून, बिघाड होताच वीज तोडणारे एमसीबी आणि आरसीसीबी बसवलेले, गॅसची टाकी लाकडी जिन्याखाली नाही, माळा रिकामा. हे न करता नुसतं लाकूड धोक्याचं म्हणणं मला पटत नाही, आणि हे न करता तिथे राहणंही पटत नाही.

नवीन घराबद्दल विचारणाऱ्यांना मी जे सांगतो ते तुम्हालाही सांगतो. नॉर्वेत ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत २०१९ मध्ये उभी राहिली आणि जपानचं होर्यूजी मंदिर सातव्या शतकापासून लाकडातच उभं आहे, हे खरं. पण नॉर्वेतली इमारत कारखान्यात चिकटवून घडवलेल्या लाकडाची आहे, आणि होर्यूजीमागे पिढ्यान् पिढ्यांची देखभाल आहे. आपल्या वखारीत आज मिळणारा साग बराचसा लागवडीतला, कोवळ्या झाडांचा असतो. त्यात पांढरा भाग जास्त, आणि जुन्या जंगलातल्या सागाचा टिकाऊपणा त्या पांढऱ्या भागात नाही. कच्चं, न सुकवलेलं लाकूड छपराला चढवलं की पहिल्याच उन्हाळ्यात पीळ पडतो. म्हणून अख्खं घर लाकडाचं करा असं मी कुणालाच सांगत नाही. वरचा मजला हलका हवा असेल, छप्पर उतरतं हवं असेल, जिना, सज्जा, व्हरांडा हवा असेल, तर लाकूड उत्तम आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा लाकडी कडीपाटाखालची खोली आणि उघड्या स्लॅबखालची खोली यांतला फरक ज्यानं अनुभवला, त्याला पटवायची गरज पडत नाही. काँक्रीटमधून उष्णता लाकडापेक्षा जवळजवळ दहापट सहज आत येते.

आणि या सर्वांसाठी सर्वात चांगलं लाकूड आपल्याच गावात पडून आहे. उतरवलेल्या घरांचा जुना साग केव्हाच सुकलेला आहे. त्याचा पीळ, त्याच्या भेगा, सगळं दिसून गेलेलं आहे. खिळे काढून, टोकं कापून, रंधा मारला की तो पुन्हा शंभर वर्षं काम करील. जंगल तोडू नये म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकूड वापरणं थांबवलं होतं. ती बंदी २०२० मध्ये उठली, कारण लागवडीतलं लाकूड सिमेंट-लोखंडापेक्षा पर्यावरणाला जड नाही हे मान्य झालं. एक घनमीटर सागात हवेतून ओढलेला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड कार्बनच्या रूपानं साठलेला असतो. जुना वाडा पाडून त्याचं लाकूड जळणात गेलं तर तो पुन्हा हवेत जातो. हे पाहायला मला फार वाईट वाटतं.

तरुण इंजिनियर मला सांगतात की कॉलेजात लाकडाचं डिझाईन त्यांना फारसं शिकवलं गेलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. पण राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या सहाव्या भागातला तिसरा विभाग लाकूड आणि बांबूचाच आहे, आणि आयएस ८८३ लाकडी सांगाड्याच्या डिझाईनसाठीच आहे. नियम नाहीत असं म्हणायला जागा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताचं काम आणि शास्त्र एका छपराखाली यावं म्हणून. त्याच संस्थेतून पुढे आजची विद्यापीठातली इंजिनियरिंगची शाखा वाढली. त्या गावात सुताराची पटाशी आणि इंजिनियरची गणितं एकमेकांना अनोळखी झाली, ही गोष्ट मला सलते. कुसू, म्हणजे लाकडाचं घडवलेलं टोक, आणि त्याची खाच बिनखिळ्याची बसवणारे सुतार अजून आहेत, पण त्यांना कामं प्लायवूडच्या कपाटांचीच मिळतात, आणि त्यांची मुलं तेच शिकतात.

कायद्याचंही एक. नोटीस गुजरातच्या महापालिकांसाठीच्या ज्या जीपीएमसी कायद्याच्या कलम २६४ खाली येते, त्यात इमारत पाडण्याबरोबर ती सुरक्षित करण्याचा आणि दुरुस्त करण्याचाही पर्याय आहे. त्यांपैकी काय निवडायचं हे तुमच्या अहवालावर ठरतं. भाडेकरू आणि मालक यांचे वाद असतात, भावाभावांत वाटणी झालेली असते, बिल्डर दारात उभा असतो, हे सगळं मला माहीत आहे. पाडा, असं लिहिणं जबाबदारीच्या दृष्टीनं सोपं पडतं हेही समजतं. इमारत पडली तर सही तुमची असते. पण म्हणूनच सही करण्याआधी लाकडाला हात लावा.

हात लावायचा म्हणजे काय, ते सांगतो. खांबाच्या पायाशी पटाशी किंवा पेचकस टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड जिवंत आहे. हातोडीनं ठोका, बद्द आवाज आला तर तिथे बारीक ड्रिल मारून भुश्याचा रंग पाहा. तुळई भिंतीत जाते तिथला गिलावा वीतभर काढा. ओल मोजायचं यंत्र जमेल तर पावसाळ्यात पुन्हा लावा, उन्हाळ्यात सगळंच कोरडं दिसतं. न्हाणीखालच्या दोन फळ्या उचलायला लावा. मग अहवालात लिहा: लाकूड कोणतं, छेद, म्हणजे जाडी-रुंदी, किती, ओल किती, कुठलं टोक किती इंच गेलं, उरलेला छेद भार पेलतो की नाही. एवढं झाल्यावर गेलेला पाय कापून नव्या सागाचा तुकडा सांधून बोल्ट मारायचे, टोकाला लोखंडी पाट जोडायचा, की खरोखरच उतरवायचं, हे आपोआप ठरतं. काही वाडे उतरवावेच लागतील. तुम्ही तपासून तसं लिहिलंत तर ते लाकूड काळजीनं उतरवायला मीच माणसं घेऊन येईन.

तपासणीच्या दिवशी टेकू लावायला, फळ्या उचलायला आणि पुन्हा बसवायला सुतार लागतो. अनेक घरमालकांना तो खर्च परवडत नाही, म्हणून तपासणी वरवरची राहते. आम्ही काही ठेकेदारांनी ठरवलंय की येत्या पावसाळ्याआधी, ज्या घराला नोटीस लागली आहे आणि ज्याचा अहवाल तुमच्यापैकी कुणी वर सांगितलेल्या पद्धतीनं करणार आहे, तिथे त्या दिवसाचं सुतारकाम आम्ही मजुरी न घेता करू. घरमालकाकडून एक दिवस आधी निरोप पाठवा, आणि पटाशी आमच्याकडची वापरा.

आपला नम्र,
दांडिया बाजारातला एक सुतारकाम ठेकेदार